यंत्राची खालची बाजू

मनुष्य कोणत्याहि वस्तूची वरची बाजू प्रथम पाहतो आणि बहुधा तेवढीच पाहून तिच्याविषयीं आपलें मत बनवितो. घराचा दर्शनी भाग, पुस्तकाचें वेष्टन, अंगरख्याची बाहेरची बाजू यांची आपण जितकी काळजी घेतों, तितकी आंतल्या बाजूची घेत नाहीं. या संवयीचें एक साधें, परंतु विचार करण्याजोगें उदाहरण शाळेच्या पटांगणावर आढळतें. गवत कापण्याचें यंत्र, ज्यास आपण सर्वजण ‘लॉन मोअर’ या इंग्रजी नांवानेंच ओळखतों, तें वरून कितीहि लखलखीत असलें तरी उलटें करून पाहिल्यास त्याच्या पोटाशीं हिरव्याकाळ्या गवताचा जाड थर चिकटलेला पुष्कळदां दिसतो. हा थर कां बसतो, त्यापासून काय नुकसान होतें, आणि तो बसूं न देण्याचें कर्तव्य कोणाचें, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु त्यांत एका कामकरी माणसाच्या हाताचीं बोटें गुंतलेलीं आहेत, हें ध्यानांत घेतल्यास वाचक त्यास क्षुल्लक म्हणणार नाहींत, अशी आशा आहे.

हिरवळ कापण्याचें पहिलें यंत्र एडविन बडिंग या इंग्रज कारागिरानें काढलें. ग्लॉस्टरशायर परगण्यांतील स्ट्राउड गांवाच्या आसपास लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावर उभे राहिलेले लोकरीचे तंतू सारखे कापण्यासाठीं तेथें फिरत्या पात्यांचें यंत्र वापरीत. तीच युक्ति हिरवळीस लावतां येईल असें बडिंगला सुचलें, आणि १८३० सालीं त्यानें आपल्या यंत्राचें पेटंट मिळविलें. या यंत्रांत रुळासारख्या चौकटीवर बसविलेलीं पातीं एका स्थिर पात्यावरून फिरतात व त्या दोहोंच्या कात्रींत सांपडून गवत कापलें जातें. क्रिकेटच्या खेळपट्टीसाठीं आजहि याच जातीचें यंत्र पसंत करितात. दुसरी जात आडव्या पात्याची. तींत यंत्राच्या पोटाखालीं एकच पातें पंख्यासारखें गरगर फिरतें, आणि विळ्याच्या फटकाऱ्यानें गवत तोडावें तसें तें तोडतें. अशीं यंत्रें पूर्वींहि झालीं होतीं. परंतु ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसन या गृहस्थानें १९५२ सालीं बनविलेल्या ‘व्हिक्टा’ यंत्रानें तीं त्या देशांत घरोघरीं पोहोंचविलीं. त्याच्या पहिल्या नमुन्यास पेट्रोलची टाकी म्हणून पीच फळांचा रिकामा डबा बसविला होता, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. शाळा, बागा व वसाहती यांत आज जें यंत्र आढळतें तें बहुधा या दुसऱ्या जातीचें असतें, आणि थर बसण्याचा प्रश्नहि मुख्यतः हिचाच आहे.

यंत्राची रचना समजल्याशिवाय त्याचा रोग समजणार नाहीं. पात्याची लांबी २० इंच व त्याचे मिनिटाला ३००० फेरे धरले, तर पात्याचें टोंक एका फेऱ्यांत सुमारें १.६ मीटर व सेकंदाला सुमारें ८० मीटर अंतर तोडतें. म्हणजे त्याचा वेग ताशीं २८० किलोमीटरांहून अधिक होतो. उत्तम जलदगति गोलंदाजाच्या चेंडूचा वेगहि याच्या निम्म्याच्याच आसपास असतो. इतक्या वेगाच्या पात्याखालीं एकादा खडा आला तर तो गोफणीच्या गुंड्यासारखा उडेल. म्हणून पात्यावर पत्र्याचा किंवा कठीण प्लॅस्टिकचा उपडा टोप बसवितात. यंत्रकार त्यास ‘डेक’ म्हणतात. टोपाचें काम केवळ रक्षणाचें नाहीं. पात्याची मागची कड वर वळविलेली असते. पातें फिरूं लागलें कीं ही कड हवेस वर लोटते. खालची हवा ओढली जाते व तिच्याबरोबर लवलेलें गवत उभें राहतें. उभें राहिलें म्हणजे तें सारखें कापलें जातें. आणि कापलेलें गवत टोपाच्या आंत फिरणाऱ्या वाऱ्याबरोबर बाजूच्या किंवा मागच्या तोंडावाटे बाहेर पडतें. सारांश, या यंत्रांत अर्धें काम पोलादाचें व अर्धें वाऱ्याचें आहे. वाऱ्यास फिरावयास मोकळी व गुळगुळीत जागा मिळाली तरच तो आपलें काम करील.

आतां ताज्या गवताच्या वजनाचा सुमारें तीनचतुर्थांश किंवा त्याहूनहि अधिक भाग पाणीच असतो. पात्याच्या तडाख्यानें गवताचे बारीक तुकडे होतात, त्यांतून रस निघतो, आणि तो रसाळ चुरा वेगानें टोपाच्या आंतल्या अंगावर आपटतो. गवत कोरडें असेल तर बहुतेक चुरा वाऱ्याबरोबर निघून जातो. त्यावर पावसाचें पाणी किंवा दंव असेल तर मात्र तो चिखलासारखा चिकटतो. पहिला थर बसला कीं पृष्ठभाग खरबरीत होतो व दुसऱ्या थरास आधार मिळतो. जागा अरुंद झाली म्हणजे वारा मंदावतो; वारा मंदावला म्हणजे कापलेलें गवत बाहेर न पडतां पुन्हां पात्याखालीं येतें, पुन्हां चिरडलें जातें, अधिक रस सोडतें व अधिक चिकटतें. याप्रमाणें थर आपणच आपल्या वाढीची सोय करितो. ज्या यंत्रांत गवताचा मुद्दाम बारीक चुरा करून तो जमिनीवरच खत म्हणून सोडण्याची योजना असते, त्यांत चुरा टोपाखालीं अधिक वेळ घोटाळत राहतो. म्हणून तेथें हा उपद्रव विशेष होतो.

आपल्या शेतकऱ्यास हा प्रकार नवा नाहीं. ओल्या रानांत कुळव चालविला कीं त्याच्या पासेला तण व माती अडकून कुळव तुंबतो, आणि मग बैलांनीं कितीहि ओढ घेतली तरी तो वरवर घसरत जातो. जाणता शेतकरी अशा वेळीं बैलांस मारीत बसत नाहीं. तो कुळव उचलून पास मोकळी करितो. किंबहुना रानांत वाफसा नसेल तर तो कुळव बाहेर काढीतच नाहीं. ‘वाफसा’ हा आपल्या भाषेंतील फार मोलाचा शब्द आहे. जमीन फार ओली नाहीं व फार सुकलेलीहि नाहीं, अशी कामास योग्य वेळ त्यानें दाखविली जाते. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जमिनीप्रमाणें हिरवळीसहि वाफसा असतो आणि तो पाहण्याचें आपण सोडून दिलें आहे.

थराचे दुष्परिणाम तीन प्रकारचे होतात. पहिला हिरवळीवर. वारा मंद झाल्यामुळें गवत नीट उभें राहत नाहीं, कांहीं पातीं उंच तर कांहीं आंखूड राहतात, आणि मधूनमधून ओल्या चुऱ्याचे गोळे जमिनीवर पडतात. ते तसेच राहिल्यास त्यांच्या खालचें गवत उजेडावांचून पिवळें पडतें. दुसरा परिणाम यंत्रावर. ओला थर पोलादी पत्र्यास कित्येक दिवस बिलगून राहतो. रंग सुटतो, गंज चढतो, आणि कालांतरानें टोपास भोंकें पडतात. पात्यावरहि गोळा एका टोंकाला अधिक बसला कीं त्याचा तोल जातो, यंत्र थरथरूं लागतें व बेअरिंग झिजतें. इंजिनवर भार वाढून पेट्रोल अधिक जळतें तें निराळेंच. तिसरा परिणाम शेजारच्या जमिनीवर. थरांत तणांचें बीं अडकून राहतें व यंत्राबरोबर एका पटांगणावरून दुसऱ्या पटांगणावर जातें. ज्या गाजरगवताची भारतांतील नोंद १९५५-५६ च्या सुमारास पुण्यास झाली, आणि जें पुढें देशभर पसरलें, त्याचें बीं अतिशय बारीक असून तें गाड्यांच्या चाकांबरोबर व शेतीच्या अवजारांबरोबरहि प्रवास करितें. दोन शाळांत मिळून एकच यंत्र वापरणाऱ्यांनीं एवढ्याकरितां तरी यंत्राचें पोट पाहून मगच तें परत करावें.

हीं नुकसानें पैशानें भरून येतील. परंतु चवथें एक नुकसान असें आहे कीं तें भरून येत नाहीं. थर वाढतां वाढतां पातें अडतें व इंजिन बंद पडतें. काम अर्धें राहिलेलें असतें, वरिष्ठांची घाई असते, आणि यंत्र तर बंदच आहे असें समजून माळी टोपाच्या तोंडांत हात घालतो. येथें भौतिकशास्त्रांतील एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. ढकलावयाच्या बहुतेक पेट्रोल-यंत्रांत पातें इंजिनच्या आंसासच जोडलेलें असतें. म्हणून हातानें पातें फिरविलें म्हणजे इंजिनहि फिरतें. स्पार्क प्लगची तार जागेवर असेल तर एवढ्या फिरण्यानें ठिणगी पडून इंजिन एकदम उसळी घेण्याचा संभव असतो. त्या एका फेऱ्यांत बोटें जाण्यास वेळ लागत नाहीं. अमेरिकेंत ३० जून १९८२ नंतर बनलेल्या, मागून चालत ढकलावयाच्या यंत्रांस असा नियम आहे कीं चालविणाऱ्यानें मूठ सोडतांच ३ सेकंदांच्या आंत पातें थांबलें पाहिजे. नियम उत्तम आहे. परंतु ही मूठ सोयीसाठीं सुतळीनें बांधून ठेविली तर त्याचा कांहींच उपयोग नाहीं. म्हणून गवताचा थर हा नुसत्या अस्वच्छतेचा प्रश्न नाहीं. जो थर वेळच्या वेळीं निघत नाहीं, तो घाईच्या वेळीं कोणाला तरी यंत्रांत हात घालावयास लावतो.

मग यावर उपाय कोणते? आमच्या मतें मुख्य उपाय यंत्र सुरू करण्यापूर्वींचेच आहेत. पहिला, वाफसा पाहणें. मूठभर गवत तळहातावर चोळावें. हात ओला झाला तर थांबावें. हिवाळ्यांत सकाळचें दंव उडून जाईपर्यंत थांबावें. पावसाळ्यांत चांगली उघडीप मिळेपर्यंत थांबावें. दुसरा, गवत फार वाढूं न देणें. एका वेळीं उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक कापूं नये, असा हिरवळ राखणाऱ्यांचा जुना नियम आहे. हरळी २ इंच राखावयाची असेल तर ती ३ इंच होतांच कापावी. ती ६ इंच वाढूं देऊन मग एकदम भुईसपाट करूं पाहणें म्हणजे टोपांत गवत ठासून भरणेंच होय. वाढलेंच असेल तर पहिल्या खेपेस यंत्र उंच ठेवावें, अरुंद पट्टा घ्यावा, आणि कांहीं दिवसांनीं दुसरी खेप करावी. तिसरा, पातें धारदार ठेवणें. बोथट पातें गवत कापीत नाहीं, फाडतें. त्यामुळें रस अधिक निघतो व कापलेलीं टोंकें दोन दिवसांत पांढुरकीं पडतात. धार लावल्यावर पातें मधल्या छिद्रांतून खिळ्यावर अडकवून पाहावें. जें टोंक खालीं जाईल तें जड समजून थोडें अधिक घासावें. चवथा, कापतांना इंजिन ठरलेल्या पूर्ण वेगानें चालविणें. पेट्रोल वांचविण्यासाठीं वेग कमी केला कीं वारा कमी होतो, आणि वांचलेलें पेट्रोल थराच्या रूपानें वसूल होतें.

इतकें करूनहि थोडा चुरा चिकटणारच. तो त्याच दिवशीं काढावा. परातींतील कणीक ओली असतां पाण्याच्या हातानें निघते. वाळली म्हणजे नखानें खरवडावी लागते, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. गवताचेंहि तसेंच आहे. प्रथम इंजिन बंद करून स्पार्क प्लगची तार काढावी व दूर वळवून ठेवावी. यंत्र विजेचें असेल तर तार भिंतींतील जोडणींतून काढावी, बॅटरीचें असेल तर बॅटरी काढावी. इंजिन निवूं द्यावें. पेट्रोलची टाकी जवळजवळ रिकामी असावी. यंत्र कलतें करतांना कार्बुरेटर व एअर फिल्टर यांची बाजू वर ठेवावी, नाहींतर तेल व पेट्रोल भलत्या ठिकाणीं शिरतें. हातांत जाड मोजे घालून जुन्या लाकडी कलथ्यानें किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनें थर ढकलून काढावा. लोखंडी उलथणें वापरूं नये. त्यानें रंग खरवडला जाऊन गंजास वाट मिळते. कांहीं यंत्रांच्या टोपास पाण्याची नळी जोडण्याची सोय असते. तेथें उत्पादकाच्या सूचनेप्रमाणें धुवावें. इतरत्र पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगवर किंवा विजेच्या भागांवर मारूं नये. शेवटीं टोप कोरड्या फडक्यानें पुसून यंत्र हवेशीर जागीं ठेवावें. या सर्वांस फार तर पंधरा मिनिटें लागतात.

कांहीं लोक म्हणतील कीं, बाजारांत यासाठीं सिलिकोनचे फवारे मिळतात व ग्राफाइटचा गुळगुळीत रंगहि मिळतो. तो लावला म्हणजे खरवडण्याची दगदग कशाला? या वस्तू निरुपयोगी आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. स्वच्छ व कोरड्या टोपावर लावल्यास त्यांनीं चुरा कमी चिकटतो व चिकटलेला सहज निघतो. परंतु त्या थर हळू करितात, बंद करीत नाहींत. गवताच्या सततच्या घर्षणानें त्यांचा लेप झिजतो आणि पुन्हां द्यावा लागतो. इंजिनचें जुनें काळें तेल फांसण्याची जी चाल कोठें कोठें आहे, ती मात्र सर्वथा त्याज्य होय. तें तेल ठिबकून गवत जाळतें, माती दूषित करितें व धूळ धरून स्वतःच चिकट होतें. रोज दांत घासणाऱ्यास दंतवैद्याचें साह्य उपयोगी पडतें. न घासणाऱ्यास दंतवैद्य तरी काय करील?

आतां कर्तव्याच्या प्रश्नाकडे वळूं. ‘यंत्र माळ्याच्या हातीं आहे, तेव्हां तें स्वच्छ ठेवणें माळ्याचें काम’, असें सामान्यतः म्हटलें जातें. हें अर्धेंच खरें आहे. खरवडणें माळ्याचें काम असेल. परंतु गवत केव्हां कापावयाचें, किती वाढल्यावर कापावयाचें, नवें पातें केव्हां आणावयाचें, हातमोजे द्यावयाचे कीं नाहींत, हें माळी ठरवीत नाहीं. तें हुकूम देणारे ठरवितात. आणि थर बसतो तो मुख्यतः याच निर्णयांमुळें. याचें उत्तम उदाहरण म्हणजे १५ ऑगस्ट. मुंबई, कोंकण व पुणें या भागांत त्या वेळीं पाऊस भरांत असतो. महिनाभर पटांगणाकडे कोणी पाहिलेलें नसतें. हरळी गुडघ्याकडे येऊं लागलेली असते. आणि १४ तारखेस सायंकाळीं हुकूम सुटतो कीं उद्यां सकाळपर्यंत मैदान स्वच्छ दिसलें पाहिजे. पाऊस भुरभुरत असतो, गवत निथळत असतें, आणि दर दहा पावलांवर यंत्र तुंबतें. त्या वेळीं टोपाखालीं हात घालणाऱ्या माणसास ‘तूं निष्काळजी आहेस’ असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस पोहोंचतो काय? निशाण उंच गवतावरहि तितक्याच दिमाखानें फडकतें. जुलैंत उघडीप पाहून दोनतीन वेळां कापणी झाली असती तर घाईची वेळच आली नसती. आणि आलीच, तर रांगेनें उभें राहण्यापुरती जागा विळ्यानें मोकळी करावी, बाकीचें गवत उघडिपीची वाट पाहील.

दुसरें असें कीं, कापणीचा वेळ मोजतांना शेवटची पंधरा मिनिटें आपण धरीतच नाहीं. शेवटचा पट्टा कापला कीं काम संपलें, असें समजून लगेच दुसरें काम सांगितलें जातें. स्वयंपाक झाला, परंतु भांडीं घासावयास वेळच ठेविला नाहीं, अशांतला हा प्रकार आहे. आमची सूचना अशी कीं प्रत्येक संस्थेनें कापणीच्या वेळांतच यंत्र स्वच्छ करण्याचीं हीं मिनिटें लिहून ठेवावीं व त्या वेळांत माळ्यास कोणीं हांक मारूं नये. एक लाकडी कलथा, हातमोज्यांची एक जोडी व धार लावलेलें एक जादा पातें यंत्राजवळच टांगून ठेवावें. या सर्वांस नवा टोप बसविण्यापेक्षां फारच कमी खर्च येईल.

खंडेनवमीस आपल्याकडे अवजारें पुजण्याची चाल आहे. त्या दिवशीं यंत्र पुसतात, त्यावर हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. चाल सुंदर आहे. तिच्यांत अवजारांविषयींची कृतज्ञता आहे. परंतु माळ टोपाच्या वर आणि वर्षभराचा थर टोपाच्या खालीं, अशी स्थिति असेल तर कृतज्ञता अपुरी राहिली असेंच म्हणावें लागेल. त्या दिवशीं तरी प्लगची तार काढून यंत्र एकवार कलतें करून पाहावें, आणि मग माळ घालावी.

विद्यार्थिमित्रांनींहि यांत आपला वांटा उचलावा. मोठ्या माणसांच्या देखरेखीशिवाय यंत्रास हात लावणें त्यांचें काम नव्हे. परंतु पटांगणावर तारा, दोऱ्या, पिशव्या व खडे न टाकणें हें तर त्यांच्याच हातीं आहे. संक्रांतीनंतर गवतांत पडून राहिलेला पतंगाचा मांजा पात्याच्या आंसाभोंवतीं गुंडाळला जातो व तो सोडविण्यासाठीं पुन्हां कोणास तरी टोपाखालीं हात घालावा लागतो. खेळ संपल्यावर प्रत्येकानें आपल्या पायाजवळचा दोरा उचलला तरी पुष्कळ झालें. वरच्या वर्गांतील मुलांस शिक्षकांनीं एकदां हें यंत्र बंद स्थितींत उलटून दाखवावें. वाऱ्याचा दाब, मध्योत्सारी गति, गंज, बीजप्रसार इतके विषय एकाच टोपाखालीं शिकवितां येतील.

आमचें मत थोडक्यांत असें आहे. थर काढणें हें चालविणाऱ्याचें काम खरें. पण थर न बसेल अशा वेळीं व अशा रीतीनें काम सांगणें हें सांगणाऱ्याचें काम आहे, आणि तें आधीं येतें. गवत ओलें असतां ‘आज नको’ असें म्हणण्याची मोकळीक माळ्यास द्यावी, व त्यानें तसें म्हटलें म्हणजे त्याचें ऐकावें. पुढच्या पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक शाळेंत निदान एवढा एक नियम झाला, तर यंत्रें अधिक वर्षें टिकतील, हिरवळ अधिक चांगली राहील, आणि तीं राखणारे हातहि सुरक्षित राहतील.